पत्र्याखालचं ऊन : शेडला फोम लावण्यापूर्वीचा विचार



व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, चुकून दुसऱ्याच कोणाचा विषय तुमच्या नावावर पडला का?" (हशा) तत्त्वज्ञानाचा माणूस थर्मोकोलवर काय बोलणार, ही शंका रास्त आहे. तेहतीस वर्षं मी तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवली. पत्र्याच्या शेडबद्दल मला काही कळत नव्हतं. ते कसं कळायला लागलं, आणि आधी मी कशी चूक केली, तिथूनच सुरुवात करतो.

निवृत्तीनंतर अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी मुलांसाठी अभ्यासिका काढली. वीस बाय चाळीस फुटांचं शेड. लोखंडी पाइपाचे खांब, त्यावर कैच्या, आडवे पाइप आणि वर निळा रंगीत पत्रा. बाजूला तीन फूट विटांची भिंत, तिच्यावर पुन्हा पत्राच. हे शेड मूळचं शेतमाल ठेवायला बांधलेलं. आम्ही त्यात टेबलं टाकली, पुस्तकं आणली, दोन पंखे लावले. सकाळी मुलं यायची, अकरा वाजेपर्यंत बसायची. मार्च संपला आणि दुपारी अभ्यासिका ओस पडायला लागली. मी मुलांवर रागावलो. शिस्त नाही, चिकाटी नाही, वगैरे. शिक्षकाला हे फार लवकर सुचतं.

एप्रिलच्या अखेरीस बारावीनंतरच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी दुपारी तीनच्या सुमारास खुर्चीवरून खाली कोसळली. तिला निंबाखाली आणलं, अंगावर ओली चादर टाकली, पाणी शिंपडलं, गाडी करून दवाखान्यात नेलं. ती वाचली. तिचे वडील सालदार. चार दिवसांनी भेटायला गेलो तर ती म्हणाली, "सर, घरी पत्राच आहे, इथंही पत्राच. मग मी इथं कशाला येत होते?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचं व्याख्यान त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे असं समजा.

पत्रा तापतो म्हणजे काय होतं?

आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, ही काही बातमी राहिलेली नाही. भुसावळचं नाव तर दरवर्षी पेपरात येतं. पण पेपरात छापतात ते सावलीतल्या हवेचं तापमान. पत्रा सावलीत नसतो. जळगाव साधारण २१ अक्षांशावर, धुळं त्याच्या किंचित खाली. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, तेच ते शून्य सावलीचे दिवस. त्या वेळी दर चौरस मीटर छपरावर साधारण १००० वॅट ऊन पडतं. नंतर आम्ही तापमापक पत्र्याला टेकवून पाहिला, तेव्हा बाहेरची हवा ४३ असताना पत्रा ६५ ला होता.

आता उष्णता जाते तीन वाटांनी. एक, वस्तूतून वस्तूत : चुलीवरच्या पळीचं टोक हाताला भाजतं तसं. दोन, हवेबरोबर वाहून. आणि तीन, मध्ये काही नसतानाही थेट : शेकोटीपासून दूर बसलात तरी तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, ती ही वाट. पत्र्याच्या शेडमध्ये छळते ती ही तिसरी वाट. तापलेली हवा वर जाते आणि वरच राहते, त्यामुळे दुसऱ्या वाटेने उष्णता खाली फारशी येत नाही. डोक्यावरचा पत्रा मात्र शेकोटीसारखा खाली पाहत असतो. पंखा कितीही फिरवा, शेकोटी विझत नाही.

एक सोपा हिशेब करू. ६५ अंशांचा रंगवलेला किंवा गंजलेला पत्रा, खाली ३५ अंशांची माणसं आणि फरशी. दर चौरस मीटरला दोनशे वॅटच्या आसपास उष्णता खाली येते. आमचं छप्पर ७४ चौरस मीटर. म्हणजे साधारण पंधरा हजार वॅट. हजार वॅटच्या पंधरा विजेच्या शेगड्या छताला उलट्या टांगायच्या आणि खाली मुलांना सांगायचं, "बसा, अभ्यास करा." मी हेच करत होतो.

फोम काय करतो, आणि काय करत नाही

आता इथे माझ्या विषयाचा थोडा उपयोग झाला. अमळनेरला १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. ज्या गावाला हा वारसा आहे त्या गावाशेजारच्या माणसाने निदान शब्द तरी नीट वापरावेत. आपण म्हणतो, "फोम लावला की गारवा येतो." हे वाक्य चुकीचं आहे.

न्यायदर्शनात 'प्रतिबंधक' नावाची कल्पना आहे. अग्नी आहे, लाकूड आहे, दोन्ही एकमेकांना टेकलेली आहेत, तरी विशिष्ट मणी जवळ ठेवला तर लाकूड जळत नाही, असं एक जुनं उदाहरण चर्चेसाठी घेतात. मीमांसक म्हणतात, अग्नीत दाहशक्ती नावाचं वेगळं काही असतं आणि मणी ते नष्ट करतो. नैयायिक म्हणतात, वेगळी शक्ती मानायची गरज नाही. प्रतिबंधक नसणं हेही कार्याचं एक कारणच आहे. मण्याचं खरंखोटं सोडून द्या. विचार कामाचा आहे. फोम हा प्रतिबंधक आहे. तो गारवा निर्माण करत नाही, उष्णता खात नाही, ढकलूनही देत नाही. तो फक्त वाट अडवतो.

बर्फवाल्याच्या गाडीवर पाहा. लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळलेली असते. तेच गोणपाट थंडीत अंगावर घेतलं तर ऊब वाटते. गोणपाट उबदार की गार? दोन्ही नाही. ते आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवतं. गोधडीचं तेच. आणि अडवतं कोण, तर कापड नव्हे. त्यात अडकून पडलेली, हलू न शकणारी हवा. थर्मोकोलमध्ये ९८ टक्क्यांच्या आसपास हवाच असते. आपण दुकानातून पैसे देऊन आणतो ती कोंडलेली हवा.

कोणता फोम?

बाजारात कडक फोमचे तीन प्रकार मिळतात. पहिला साधा पांढरा थर्मोकोल, दाणेदार. दुसरा एक्सपीएस, हा बहुधा रंगीत असतो, गुळगुळीत आणि घट्ट, पाणी फार कमी पितो. तिसरा पॉलियुरेथेन, ज्याला मिस्त्री लोक 'पफ' म्हणतात. तो दोन पत्र्यांच्या मध्ये भरलेल्या तयार पॅनेलमध्येही येतो. उष्णता अडवण्यात पफ पहिला, कारण त्याच्या पेशींत हवेपेक्षाही कमी उष्णता वाहून नेणारा वायू असतो. मग एक्सपीएस, मग थर्मोकोल. किमतीचा क्रमही साधारण असाच. अभ्यासिकेसारख्या जागेला दोन इंची थर्मोकोल पुरतो, पण तो टीव्हीच्या खोक्यातला नव्हे.

थर्मोकोल घनतेवर विकला जातो. उष्णतारोधक थर्मोकोलसाठी भारतीय मानक आहे, आयएस ४६७१. दुकानदार म्हणेल, "सर, वीसची घनता आहे." कसं तपासायचं? तर्कशास्त्रात याला प्रमाण म्हणतात, बाजारात याला तराजू म्हणतात. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ५० मिलिमीटर जाड तुकडा घ्या. घनता वीस असेल तर त्याचं वजन अर्धा किलो भरलं पाहिजे. साडेतीनशे-पावणेचारशे ग्रॅम भरलं तर तो माल पंधराच्या आसपासचा. हा तपास भाजीवाल्याच्या काट्यावर होतो, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

माझी चूक

त्या प्रसंगानंतर मी घाई केली. पॅकिंगचा पातळ थर्मोकोल आणला आणि रबरी सोल्युशनने थेट पत्र्याला खालून चिकटवायला लावला. चिकटवतानाच त्यात भोकं पडू लागली. या सोल्युशनमध्ये जो द्रव असतो तो थर्मोकोल विरघळवतो. पेट्रोलमध्ये टाकलं तर दिसेल तसं. जे तुकडे टिकले ते पंधरा दिवसांत वाकडे होऊन पडले. थर्मोकोल ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि मी तो ६५ अंशांच्या पत्र्याला घट्ट लावला होता. उरलेल्यात उंदरांनी घरं केली, मुंग्यांनी बोगदे पाडले, आणि पुस्तकांवर पांढरा भुगा पडायला लागला. पैसे लोकवर्गणीचे होते, हे जास्त लागलं.

मग नीट कसं केलं

दुसऱ्या वेळी फॅब्रिकेशन करणाऱ्या जाणत्या मिस्त्रीला विचारलं आणि वरून खाली असा क्रम ठरवला.

सगळ्यात वर पत्रा, आणि त्याला बाहेरून पांढरा रंग. ज्यांच्याकडे फोमला पैसे नाहीत त्यांनी निदान चुन्याचा हात द्यावाच. ऊन आत येण्याआधीच परत पाठवणं सर्वांत स्वस्त. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा झाला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचं काम तिथे झालं. आपल्याकडे त्यासाठी कुणाची वाट पाहायला नको.

पत्र्याखाली आडव्या पाइपांच्या जाडीएवढी, तीन-चार इंच, मोकळी जागा. ती बंद ठेवायची नाही. खाली पागोळीकडे जाळी लावून फट, वर आढ्याशी जाळी लावून फट. तापलेली हवा आपोआप वर सरकते आणि निघून जाते. जाळी उंदरांसाठी.

मग आडव्या पाइपांच्या खालून फोमचा सलग थर. पाइपांच्या मध्ये तुकडे कोंबायचे नाहीत, कारण लोखंड फोमच्या हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं; मग प्रत्येक पाइप ही एक उघडी वाट होते. दोन इंचांचा एकच थर लावण्यापेक्षा एक-एक इंचाचे दोन थर, सांधे एकावर एक न येतील असे, विटांच्या भिंतीसारखे. सांध्यांना चंदेरी टेप. वरच्या तोंडाला चंदेरी कागद असेल तर फार चांगलं, मोकळ्या जागेकडे तोंड करून. तिसऱ्या वाटेची उष्णता तो घेतच नाही. बसवताना रुंद वायसर आणि स्क्रू, सोल्युशन नाही.

आणि सगळ्यात खाली सहा मिलिमीटरचं सिमेंट फायबरचं बोर्ड. याचं कारण पुढे सांगतो.

वजनाचा हिशेब मात्र आधी करा. ७४ चौरस मीटर, दोन इंची, वीसच्या घनतेचा फोम एकूण ७४ किलोच भरतो. एका माणसाएवढं. पण बोर्ड सहाशे किलोच्या पुढे जातं. ते कैच्यांना पेलेल का, हे मिस्त्रीला विचारल्याशिवाय काम सुरू करू नका. वादळात आधीच डुगडुगणाऱ्या शेडला तर नाहीच.

भिंतींचं काय? पैसे कमी असतील तर छप्पर आधी, मग पश्चिमेची भिंत. दुपारी तीन-चारला ऊन तिरपं होतं आणि पश्चिमेच्या पत्र्यावर सरळ येतं. नेमकी तेव्हाच हवाही सगळ्यात तापलेली असते. पूर्वेची भिंत सकाळी तापते, तेव्हा बाहेरची हवा सोसण्याजोगी असते. भिंतीचा फोम जमिनीपासून थोडा वर सुरू करावा, खाली वाळवी आणि पाणी.

थंडीतला एक फायदा अनेकांना माहीत नसतो. जानेवारीच्या पहाटे धुळ्याकडे पारा फार खाली जातो. पत्रा मोकळ्या आकाशाखाली हवेपेक्षाही गार होतो आणि आतली दमट हवा त्याला लागून थेंब गळतात. आमची पुस्तकं अशी भिजली होती. सांधे टेपने बंद केले की आतली वाफ पत्र्यापर्यंत पोचतच नाही.

आग

आता बोर्ड का, ते. फोम जळतो. थर्मोकोल आधी वितळतो, मग काळा धूर ओकत जळतो, आणि त्याचे पेटते थेंब खाली पडतात. पफही जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. त्या इमारतीला बाहेरून लावलेलं आवरण आणि त्यामागचा फोम हे आग पसरण्याचं मुख्य कारण ठरलं. म्हणून आग-रोधक प्रतीचाच माल मागा, आणि तोही उघडा ठेवू नका. त्याच्या आणि माणसांच्या मध्ये न जळणारा थर हवाच. वायरी फोममधून ओढायच्या नाहीत. बोर्डाच्या खालून पाइपात घालून न्यायच्या. वेल्डिंगचं सगळं काम फोम येण्याआधी संपवायचं. आणि दारं दोन हवीत. कापूस साठवायच्या शेडमध्ये तर फोमचा विचार करण्याआधी दहा वेळा विचार करा.

काम झालं. मग?

छताच्या उष्णतेचा हिशेब पुन्हा केला. पंधरा हजार वॅटच्या जागी साधारण तेराशे. पंधरा शेगड्यांची सव्वा शेगडी झाली. मी खूश. आणि पहिल्याच दुपारी दारं-खिडक्या लावून तीस मुलं बसवली तर तासाभरात घुसमटायला लागलं. का?

शांत बसलेलं माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. तीस मुलं म्हणजे तीन हजार वॅट. आता खोलीतली सगळ्यात मोठी शेगडी छप्पर नव्हतं, मुलंच होती. आणि प्रतिबंधक निष्पक्षपाती असतो. बाहेरचं आत येऊ देत नाही तसं आतलं बाहेर जाऊ देत नाही. म्हणून मग कूलर. आपली मे महिन्यातली हवा कोरडी, त्यामुळे पाण्याचा कूलर इथे उत्तम चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला तर नुसता दमटपणा वाढतो. पूर्वी कूलर याच शेडमध्ये हरत होता, कारण त्याच्यासमोर पंधरा शेगड्या होत्या. आता जिंकतो.

इथे मला आमच्या जुन्या धाब्याच्या घराची आठवण येते. लाकडाच्या सऱ्यांवर फळ्या, काड्या आणि वर फूट-दीड फूट माती. नुसतं अडवण्यात दोन इंच फोम तिच्यापेक्षा सरस आहे. तेवढ्या अडवणुकीला जवळजवळ तीन फूट माती लागेल. पण माती आणखी एक काम करते, ती उष्णता साठवते. दुपारचं ऊन खाली पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरातली माणसं अंगणात बाज टाकून झोपलेली. फोमला ही सवड नाही. त्याच्याजवळ साठवण नाही. म्हणून फोमच्या खोलीत खाली जड काहीतरी असू द्या : फरशी, विटांची भिंत. रात्री खिडक्या उघडून ती गार करायची, सकाळी नऊला बंद करायच्या. आमच्या आज्या हेच करत होत्या.

कुठे लावू नये

साक्री, शिंदखेड्याकडचे शेतकरी विचारतात, कांदा चाळीला लावू का? नाही. कांद्याला वाहती हवा हवी, चाळीची सगळी रचना त्यासाठीच आहे. ती कोंडली तर कांदा सडेल. छपराखाली लावायचं तर लावा, बाजू मोकळ्याच ठेवा. गोठ्याचंही तसंच : छप्पर झाका, भिंती उघड्या. जनावरांची वाफ आणि मुताचा वास बाहेर गेला पाहिजे.

उलट केळी पिकवायच्या खोलीला सगळ्या सहाही बाजूंनी फोम हवा. रावेर, सावदा, यावल भागात तुम्ही त्या पाहिल्या असतील. आत १६ ते १८ अंश, हवा दमट, आणि पिकताना केळी स्वतः उष्णता सोडतात. तिथे पफ पॅनेलला पर्याय नाही.

आणि इथेच माझं शेवटचं म्हणणं येतं. अशी एक खोली मी पाहायला गेलो होतो. उत्तम काम, दाराला रबर, एक फट नाही. तिच्या मागच्या भिंतीला टेकून मजुरांच्या राहायच्या दोन खोल्या. वर उघडा पत्रा. एक बाई लहान लेकराला पदराने वारा घालत बसली होती. दोघांच्या मध्ये एक भिंत : अलीकडे केळी १७ अंशांत, पलीकडे लेकरू पंचेचाळिसात. मालक वाईट माणूस नव्हता. केळी काळी पडली तर भाव पडतो, त्यामुळे केळीचा हिशेब त्याने केला होता. लेकराचा हिशेब कोणी मांडलाच नव्हता. मी तरी कुठे मांडला होता, ती मुलगी पडेपर्यंत?

मालकांना मी एवढंच म्हटलं, की तुमच्या पॅनेलचे कापून उरलेले तुकडे मागे रचून ठेवलेत, ते त्या दोन छपरांना पुरतील. वर बोर्ड मात्र लावा. त्यांनी लावले.

ती मुलगी पुढच्या उन्हाळ्यात परत आली. पश्चिमेच्या भिंतीजवळ बसते. मागच्या महिन्यात मला म्हणाली, "सर, आता घरच्या पत्र्याचं बघू." म्हणून येत्या रविवारी तराजू, टेप आणि मिस्त्री घेऊन आम्ही तिच्या वस्तीवर जातोय. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी सातला अभ्यासिकेपाशी यावं. उशीर करू नका, नऊनंतर पत्र्यावर हात ठेवता येत नाही.